चेहरा तिचा, आवाज कुणाचा?

(द्वितीय वर्ष कला)

भुताखेतांचे चित्रपट म्हटले की आपल्याकडची सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. अशा चित्रपटांत काम करणाऱ्या नट्यांना तर कुणी अभिनेत्री म्हणायलाही तयार नसते. किंचाळायचे, केस मोकळे सोडायचे आणि डोळे वटारायचे, त्यात कसला आला आहे अभिनय, असा सर्वसाधारण समज आहे. तरीही रात्री दार लावून हे चित्रपट पाहणारे काही थोडेथोडके नाहीत. जगात तर अशा चित्रपटांचे अक्षरशः पंथ आहेत. समीक्षकांनी हिणवलेल्या एखाद्या चित्रपटाला दहा-वीस वर्षांनी काही वेडी माणसे उराशी धरतात, त्याची पारायणे करतात. त्यालाच 'कल्ट' असे म्हणतात. पंथ म्हटला की देव आले, देवी आल्या. भयपटांच्या पंथाने ज्या देवी मानल्या त्यांत बार्बरा स्टील या इंग्रज अभिनेत्रीचे स्थान फार वरचे आहे.

तिचे चरित्र मी पुढे सांगणारच आहे. परंतु निव्वळ चरित्र सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. माझे म्हणणे असे आहे की, जिला लोक 'किंचाळीची राणी' म्हणून डोक्यावर घेतात, तिची किंचाळीसुद्धा बहुतेक वेळा तिची नव्हती. लोकांनी तिचा चेहरा घेतला, तिचे डोळे घेतले, आणि आवाज मात्र बाजूला ठेवला. ही गोष्ट किरकोळ आहे असे चित्रपटाचे जाणकार म्हणतील. मला ती किरकोळ वाटत नाही. का वाटत नाही, तेच येथे सांगायचे आहे.

इंग्लंडमध्ये मर्सी नदीच्या एका काठावर लिव्हरपूल आहे आणि दुसऱ्या काठावर बर्कनहेड. या बर्कनहेड गावी २९ डिसेंबर १९३७ रोजी बार्बराचा जन्म झाला. तिला व्हायचे होते चित्रकार, आणि तसे शिक्षणही ती घेत होती. पण नाटकाकडून चित्रपटाकडे वळली आणि रँक या बड्या इंग्रज कंपनीने तिला करारात बांधून घेतले. १९५८ च्या 'बॅचलर ऑफ हार्ट्स' या चित्रपटात ती प्रथम दिसली. पुढे रँकने तिचा करार अमेरिकेच्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीला विकला. 'विकला' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. बैलबाजारात दावे एका हातातून दुसऱ्या हातात जावे, तसा माणसाचा करार जात असे. हॉलिवूडमध्ये तिला एल्विस प्रेस्लीबरोबर 'फ्लेमिंग स्टार' या चित्रपटात घेतले. पण लवकरच ती त्यातून बाहेर पडली आणि ती भूमिका बार्बरा ईडन हिच्याकडे गेली. अमेरिकेत असे काहीच जमले नाही आणि त्याच १९६० साली इटलीत मात्र तिचे नशीब उघडले.

मारिओ बाव्हा हा मूळचा छायाचित्रणकार. दिग्दर्शक म्हणून स्वतःच्या नावावर केलेला त्याचा पहिला पूर्ण कथाचित्रपट म्हणजे 'ला मास्केरा देल देमोनिओ', अर्थात 'सैतानाचा मुखवटा'. इंग्रजी मुलखात तो 'ब्लॅक संडे' या नावाने गाजला. रशियन लेखक निकोलाय गोगोल याच्या 'वी' या कथेचा त्याला थोडासा आधार आहे. चित्रपट कृष्णधवल आहे. धुके, वाळकी झाडे, पडके देऊळ आणि त्यातून दोन काळ्या कुत्र्यांना घेऊन उभी राहिलेली एक तरुणी, हे दृश्य ज्याने एकदा पाहिले तो ते विसरत नाही. मी हा चित्रपट मोबाइलच्या टीचभर पडद्यावर पाहिला, तरी अंगावर काटा आला. मोठ्या पडद्यावर काय होत असेल याची कल्पनाच करावी.

कथा थोडक्यात अशी. सतराव्या शतकात आसा नावाच्या स्त्रीला चेटकीण ठरवले जाते. ठरवणारा कोण, तर तिचा सख्खा भाऊ. आतून खिळे असलेला लोखंडी मुखवटा तिच्या चेहऱ्यावर ठेवून घणाने ठोकतात. मरण्यापूर्वी ती भावाच्या वंशाला शाप देते. दोनशे वर्षांनी दोन डॉक्टर वाटेत त्या तळघरात शिरतात, एकाच्या हाताला जखम होऊन रक्ताचे थेंब प्रेतावर पडतात आणि आसा जागी होते. त्याच घराण्यात आता कातिया नावाची निष्पाप मुलगी आहे, हुबेहूब आसासारखी. दोन्ही भूमिका बार्बरानेच केल्या आहेत. एकाच चेहऱ्याची दया यावी आणि त्याच चेहऱ्याची भीती वाटावी, हे तिने करून दाखवले. डोळे वटारून हे साधत नाही. कातियाच्या नजरेत जे दुःख आहे, तेच आसाच्या नजरेत सूड होऊन येते. इंग्लंडच्या सेन्सॉरने हा चित्रपट इतका भयंकर मानला की तेथे तो १९६८ पर्यंत लोकांसमोर येऊ शकला नाही.

चित्रपटाचा शेवट मला फार विचार करायला लावणारा वाटला. तरुण डॉक्टरसमोर दोघी आहेत. चांगली कोण आणि चेटकीण कोण, हे त्याला ओळखायचे आहे. चेहरा एकच, मग ओळखणार कसे? एकीच्या गळ्यातला क्रूस त्याच्या दृष्टीस पडतो आणि निवाडा होतो. तो दोघींपैकी एकीलाही विचारत नाही की बाई, तू कोण. बाईची पारख गळ्यातल्या दागिन्यावरून करण्याची रीत आपल्याला काही परकी नाही. आपल्या महाराष्ट्रातही बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या बातम्या येतात आणि त्यासाठी २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. तेथेही ठरवणारे दुसरेच असतात; ठरवली गेलेली बाई काय म्हणते, ते कुणी ऐकत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आसा मरताना जो शाप देते, तो आवाज बार्बरा स्टीलचा नाही. कातिया जे हळुवार बोलते, तेही तिचे नाही. इटलीत त्या काळी चित्रीकरणाच्या वेळीच आवाज मुद्रित करण्याची पद्धत फारशी नव्हती. कॅमेऱ्यासमोर कुणी इंग्रजीत बोले, कुणी इटालियनमध्ये. नंतर स्टुडिओत पडद्यावरच्या ओठांची हालचाल पाहून दुसरेच कलाकार संवाद म्हणत. परदेशी नटनट्या घेता याव्यात आणि एकच चित्रपट चार भाषांत विकता यावा, यासाठी ती सोय होती. फेदेरिको फेलिनीसारखा थोर दिग्दर्शकही काही नटांना संवादाऐवजी नुसते आकडे म्हणायला लावी. बाव्हाच्या चित्रपटाची पूर्ण पटकथा आपल्याला हाती मिळाली नव्हती, त्या त्या दिवसाची पानेच मिळत, असेही बार्बराने पुढे सांगितले आहे. म्हणजे पुढे काय बोलायचे आहे ते माहीत नाही आणि जे बोललो तेही राहणार नाही, अशा स्थितीत तिने ती कामगिरी केली.

इटलीतली सगळ्यांचीच तऱ्हा होती, तेव्हा तक्रार कशाला, असे कुणी म्हणेल. मग पुढच्या वर्षाचे उदाहरण घ्या. १९६१ साली अमेरिकन दिग्दर्शक रॉजर कॉर्मन याने एडगर अॅलन पो याच्या कथेवरून 'द पिट अँड द पेंड्युलम' काढला. नायक विन्सेंट प्राइस आणि त्याची पत्नी बार्बरा स्टील. चित्रपट इंग्रजी, बार्बराची मातृभाषाही इंग्रजी. ती जन्माने इंग्रज, इंग्लंडात वाढलेली. तरीसुद्धा तिचा आवाज काढून तेथे दुसरीचा घातला! कारण असे दिले जाते की तिचे उच्चार बर्कनहेडकडच्या कामकरी लोकांसारखे होते, ते इतर नटांच्या बोलण्याशी जुळेनात. इतर कुणी आपले उच्चार तिच्याशी जुळवावेत, असे अर्थातच कुणाच्या मनात आले नाही.

हे वाचले तेव्हा मी जागच्या जागी थांबले. कारण 'उच्चार' हा शब्द माझ्या ओळखीचा आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्याकडे 'पाणी' नसते, 'पानी' असते. 'लोणी' नसते, 'लोनी' असते. त्याने तहान भागायची थांबत नाही आणि भाकरीही गोड लागते. पण शहरात आल्यावर कळले की आपण तोंड उघडले की समोरच्याच्या ओठांवर हसू येते. एका वक्तृत्व स्पर्धेच्या वेळी मी भाषण तयार केले होते. विषय माझा, मुद्दे माझे, चार रात्री जागून लिहिलेले. ऐकणाऱ्यांनी ते वाखाणले आणि मग समजुतीच्या सुरात सांगितले, "भाषण फार चांगलं झालंय गं, पण बोलायला दुसरी कुणीतरी देऊ या. तुझे उच्चार जरा गावाकडचे आहेत." तसेच झाले. माझे भाषण दुसरीने म्हटले, तिला बक्षीस मिळाले आणि मी सभागृहात बसून टाळ्या वाजवल्या. नावे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. ज्यांनी हे केले, त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. स्टुडिओत बसलेल्या माणसांच्या मनात तरी बार्बराविषयी वाईट कुठे होते? त्यांना आपला चित्रपट निर्दोष हवा होता, एवढेच. प्रश्न असा आहे की, एखाद्याचा आवाज हाच दोष मानावा, हे प्रथम ठरवले कुणी?

असो. बार्बराची कथा पुढे नेते. १९६० नंतरची पाच-सहा वर्षे इटलीत तिला एकामागून एक भयपट मिळत गेले. रिकार्दो फ्रेडाचे 'द हॉरिबल डॉक्टर हिचकॉक' (१९६२) आणि 'द घोस्ट' (१९६३), अँतोनिओ मार्गेरितीचे 'कॅसल ऑफ ब्लड' आणि 'द लाँग हेअर ऑफ डेथ' (दोन्ही १९६४), मारिओ कैआनोचा 'नाइटमेअर कॅसल' (१९६५). बहुतेकांत वाडा तोच, मेणबत्ती तीच, आणि कबरीतून परत येणारी बाईही तीच. 'नाइटमेअर कॅसल'मध्ये तिला पुन्हा दुहेरी भूमिका मिळाली, काळ्या केसांची छळून मारलेली पत्नी आणि सोनेरी केसांची भाबडी बहीण. एक वाईट, एक चांगली. मधल्या बाईला, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या साध्या बाईला, या चित्रपटांत जागाच नाही.

मधली बाई तिला क्वचित दुसरीकडे मिळाली. फेलिनीच्या 'एट अँड अ हाफ' (१९६३) या जगप्रसिद्ध चित्रपटात ती एका वयस्क गृहस्थाची तरुण प्रेयसी म्हणून थोडा वेळ येऊन जाते. फोल्कर श्लोंडॉर्फ या जर्मन दिग्दर्शकाच्या 'यंग टर्लेस' (१९६६) या पहिल्या चित्रपटात तिने गावातल्या वेश्येचे काम केले. पण लोकांना हवी होती ती चेटकीणच. १९६८ च्या 'कर्स ऑफ द क्रिम्सन अल्टार'मध्ये तर तिच्या अंगाला रंग फासून, डोक्यावर शिंगांचा मुकुट चढवून तिला नुसते स्वप्नदृश्यांत बसवले आहे. शवपेटीतून उठून येण्याचा आपल्याला वीट आला होता, असे तिने नंतर सांगितले यात नवल ते काय?

त्यानंतर ती अमेरिकेत राहिली. पटकथालेखक जेम्स पो यांच्याशी तिने लग्न केले, ते पुढे मोडले. मधूनमधून ती चित्रपटांत दिसत राहिली, आणि गंमत अशी की तिला बोलावणारे बहुधा नवे, हौशी दिग्दर्शक असत. त्यांनी लहान वयात तिचे भयपट पाहिलेले होते. जोनाथन डेमी याच्या पहिल्याच चित्रपटात, 'केज्ड हीट' (१९७४) मध्ये, ती चाकांच्या खुर्चीतली तुरुंगाधिकारी झाली. डेव्हिड क्रोनेनबर्गच्या 'शिव्हर्स'मध्ये (१९७५) आणि जो दांतेच्या 'पिराना'मध्ये (१९७८) ती आहे. १९७९ च्या 'सायलेंट स्क्रीम'मध्ये तर तिला एकही संवाद नाही. आधी आवाज बदलला, मग मुकीच करून टाकली! तरीही तिच्या नुसत्या पाहण्यात असे काही आहे की, चित्रपट संपल्यावर बाकीच्यांची बडबड विसरली जाते.

पंथातली माणसे तिची कहाणी बहुधा येथेच आटोपती घेतात. मला मात्र खरी कहाणी यापुढेच सुरू होते असे वाटते. डॅन कर्टिस या निर्माता-दिग्दर्शकाबरोबर तिने पडद्यामागचे काम हाती घेतले. हर्मन वूक यांच्या दुसऱ्या महायुद्धावरील कादंबऱ्यांवरून अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी दोन प्रचंड मालिका निघाल्या. १९८३ च्या 'द विंड्स ऑफ वॉर'मध्ये ती सहनिर्माती होती आणि १९८८-८९ च्या 'वॉर अँड रिमेंबरन्स'मध्ये निर्माती. जवळजवळ तीस तासांची ही मालिका. ऑश्विट्झच्या छळछावणीतील दृश्ये प्रत्यक्ष ऑश्विट्झला जाऊन चित्रित केलेली. सैतानाच्या मुखवट्याहून कितीतरी भयंकर अशी माणसाने माणसाची केलेली कत्तल त्यात दाखवली आहे. १९८९ साली या मालिकेला सर्वोत्कृष्ट लघुमालिकेचा एमी पुरस्कार मिळाला, त्यात बार्बरा स्टील हे नाव निर्माती म्हणून आहे. तेथे तिचे उच्चार कुणाला खटकले नाहीत. निर्णय घेणाऱ्याचे उच्चार कधीच कुणाला खटकत नसतात.

पुढे १९९१ मध्ये 'डार्क शॅडोज' या मालिकेत तिने डॉक्टर ज्युलिया हॉफमन साकारली, तीही स्वतःच्या आवाजात. आणि २०१४ साली रायन गॉस्लिंगने दिग्दर्शित केलेल्या 'लॉस्ट रिव्हर'मध्ये ती पुन्हा दिसली, जुन्या आठवणींत बुडून गेलेली, न बोलणारी आजी म्हणून.

आवाज उसना घेण्याला माझा सरसकट विरोध आहे, असे कुणी समजू नये. आपले सारे हिंदी चित्रपट पार्श्वगायनावर उभे आहेत आणि लताबाईंचा आवाज नसता तर कित्येक नायिका अपुऱ्या राहिल्या असत्या. माझी आई बँकेत गेली की खिडकीपाशी मला पुढे करते आणि म्हणते, "तूच बोल गं, मला जमायचं नाही." तेव्हा मी तिच्या वतीने बोलते. पण तेथे आवाज तिने मागितलेला असतो, काय बोलायचे ते तिने ठरवलेले असते आणि पैसे तिच्याच खात्यात जमा होतात. गायिकेचे नावही पडद्यावर येते. बार्बराला कुणी विचारले नाही. आणि जिने तिच्यासाठी आवाज दिला, त्या बाईचे नाव तरी किती जणांना ठाऊक आहे? एकीचा आवाज पुसला गेला, दुसरीचा चेहरा. नुकसान दोघींचे झाले.

आपल्याकडचे श्रीदेवीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. दक्षिणेतून हिंदीत आलेल्या या गुणी अभिनेत्रीला सुरुवातीच्या बऱ्याच चित्रपटांत दुसऱ्यांचे आवाज दिले गेले. 'आखरी रास्ता'मध्ये (१९८६) तिच्यासाठी रेखा बोलली आहे. १९८९ च्या 'चांदनी'त ती प्रथम स्वतःच्या आवाजात बोलली, आणि तो किंचित वेगळा, लाडिक उच्चारच लोकांना प्रिय झाला. त्यानंतर २०१२ साली गौरी शिंदे यांच्या 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये तिने शशी गोडबोले ही मराठी गृहिणी रंगवली, जिला इंग्रजी येत नाही म्हणून घरचीच माणसे हसतात. उसन्या आवाजात ती भूमिका झाली असती का? मला वाटते, झाली नसती. ज्याला हसले गेले आहे, त्याच्याच गळ्यातून तो कंप निघतो.

बोलणाऱ्याची बोरेही विकली जातात, अशी म्हण आहे. पण बोरे विकायची मुभा सगळ्यांना सारखी नसते, हे म्हण सांगत नाही. बार्बरा स्टीलपाशी चेहरा होता, बुद्धी होती, कष्टांची तयारी होती. तिला आपल्या नावाने आणि आपल्या शब्दाने काम करायला मिळेपर्यंत वीस-पंचवीस वर्षे गेली. तोवर जगाने तिला चेटकीण म्हणून पुजले. पूजा ही फार सोयीची वस्तू आहे. देवीला फुले वाहता येतात आणि तिचे काही ऐकावेही लागत नाही.

म्हणून भयपटांच्या चाहत्यांना आणि नाक मुरडणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे. 'ब्लॅक संडे' जरूर पाहा. त्यातले डोळे पाहा, ते खरोखरच तिचे आहेत. पण त्यानंतर 'शिव्हर्स' किंवा 'डार्क शॅडोज' लावा आणि ती बाई बोलते कशी, ते ऐका. तिचा आवाज खोल आहे, थोडा घोगरा आहे, आणि त्यात लपवण्यासारखे काहीही नाही. आणि आपल्या वर्गात, आपल्या व्यासपीठावर एखादी मुलगी 'पानी' म्हणाली, तर हसण्यापूर्वी पुढचे वाक्य पुरते ऐकून घ्या. कदाचित ती काही सांगत असेल.